हळद घरच्या घरी

आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण दोन तऱ्हांनी देतात. नुसतं ‘लग्नाला या’ म्हटलं, की घरातला एखादा जण येऊन आहेर करून जातो. ‘चूल बंद’ म्हटलं, की त्या घरी स्वयंपाक होत नाही. हळदीपासून सगळी माणसं आपल्याकडे. हा फरक सांगणाऱ्याला कळतो, तसा ऐकणाऱ्यालाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीचं लग्न धारला, माझ्या आत्याकडे करायचं ठरलं. आमचं मूळ घर तिथलं, संस्थानच्या नोकरीतलं. मी देवासला कंपनीत. माझ्याच खात्यात मशीनवर काम करणारा माझा मित्र गंधवानीकडचा, भिल समाजाचा. आम्ही दोघं नवराबायको कामावर असायचो तेव्हा मुलगी शाळेतून थेट त्याच्याकडे जायची, मक्याची भाकरी खायची, तिथेच झोपायची. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, मुलगी मावशी. हळदीला मावशी हवीच, हे तिने पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

आम्ही दोघं अक्षत घेऊन गेलो. मित्र म्हणाला, “आओ भिया. लड़की के बाप हो गए तो दिखना ही बंद?”

बायकोने वहिनींना कुंकू लावलं. मी अक्षता दिल्या आणि म्हणालो, “शादी में जरूर आना.” पुढचे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

वहिनींनी विचारलं, “और हल्दी कब है, भाईसाब?” खाटेवर फॉल लावलेली पिवळी साडी पडली होती.

“हल्दी तो घर के घर में ही कर रहे हैं,” मी म्हणालो.

त्यांनी साडीची घडी घातली, कपाटात ठेवली आणि चहा टाकायला गेल्या.

आत्याच्या सोवळ्याची भीती वाटली, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. आत्याला मी विचारलंच नव्हतं. ह्या कोण, असं चारचौघांत कुणी विचारलं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, ते मला नको होतं.

घरी आलो. दारात बायको म्हणाली, “लेकीला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

मुलीने ऐकून घेतलं. “मग बाबा, मी तरी घरची कशी? अर्धी तर तिकडेच वाढले ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या आधी एकटाच गेलो. मित्र दाढी करत होता. मी म्हणालो, चूल बंद, हळदीपासून सगळे या.

“कल किसने रोका था, भिया?”

“किसी ने नहीं. मैं ही डर गया.”

त्याने रेझर पाण्यात बुडवला. “बता दिया, अच्छा किया. हम तो रात भर तुम्हारी बुआजी को कोस रहे थे.”

वहिनी हसल्या नाहीत. “बच्ची ने भेजा है, या आप आए हो?”

“बच्ची ने भेजा नहीं. मैं आया हूँ.”

धारला हळदीच्या वेळी आत्या पाटाशेजारी खुर्चीत बसली होती. वहिनी पुढे झाल्या तशी तिने मला हाक मारली. “ह्या बाई कोणाकडच्या रे?”

बायका ऐकत होत्या. मी म्हणालो, “माझ्या मित्राच्या घरच्या. गंधवानीकडचे भिल आहेत. आपली पोर यांनी वाढवलीय.”

आत्याने पदर सावरून घेतला. वहिनींनी आंब्याच्या पानाने पाय, गुडघे, खांदे अशी हळद लावली. कपाळाला लावताना पान बाजूला ठेवलं आणि बोटांनीच लावली. मुलीने डोळे मिटून गाल त्यांच्या तळहातावर टेकवला.

जेवणं झाली. आत्या खोलीतून बाहेर आली नाही, नुसतं दूध घेतलं. नळावर हात धुताना वहिनींनी विचारलं, “बुआजी ने खाना नहीं खाया. मेरी वजह से?”

आज आत्याचा उपास आहे, असं म्हणता आलं असतं.

“हाँ,” मी म्हणालो. मग विचारलं, “शादी तक रुकोगी ना?”

“बच्ची को विदा किए बिना कैसे जाऊँगी,” त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या न्हाणाचं पाणी तापलं का ते बघायला आत गेल्या.