आठ आकड्याची झाडं

झेफेरिनोची आणि माझी जोडी एकवीस वर्षांची. बाटल्यांची बुचं जिच्यापासून करतात ती बुचाच्या झाडाची साल दोघांनी मिळून उतरवायची असते. तो फांदीवर, मी खाली. साल निघाली की उघड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने काढतात, आणि मग नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही. आमच्या बागेत हे आकडे मालकीण ग्रासिएतबाई स्वतः रंगवतात. झेफेरिनोचा आकड्यावरही भरवसा नसतो. साल सुटेल का ते बघायला कुऱ्हाडीने टकटक करून कान लावतो. मी त्याला डॉक्टर म्हणून चिडवतो.

दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये परदेशी कंपनीचा निरोप आला: दुप्पट माल हवा, नाहीतर जहाजाने येणारी प्लास्टिकची बुचं स्वस्त पडतात, तीच घेऊ. नऊ वर्षं भरलेली, सहा आकड्याची झाडं तेवढी नव्हतीच. बाई आम्हाला आठ आकड्याच्या झाडांकडे घेऊन गेल्या. त्यांना सातच वर्षं झाली होती.

"ही पण सोला."

"बाई, साल अजून कोवळी आहे," झेफेरिनो म्हणाला. "ओढली तर आतलं अंगच सोलवटून येईल. झाड वाळेल."

"आणि गिऱ्हाईक गेलं तर? बाग तोडून निलगिरी लावावी लागेल. मग कुणाची साल काढाल, माझी?"

त्यांचंही खोटं नव्हतं. विकत घेणारे आहेत म्हणून तर हे जंगल टिकलं, आणि आता तेच त्याच्या मुळावर उठले होते. मला भयंकर राग आला, पण काढायचा कुणावर?

झेफेरिनोने कुऱ्हाड बाईंपुढे धरली. "मग पहिला घाव तुम्ही घाला. आकडा तुमच्या हातचा आहे."

बाईंनी कुऱ्हाड घेतली नाही. आकड्यावर तळवा टेकवला आणि तडक घरी गेल्या. संध्याकाळी त्यांनी कंपनीला कळवून टाकलं: तयार साल आहे तेवढीच मिळेल.

चार दिवस उत्तर नाही. झेफेरिनोचं लसणीचं सूप समोर गार व्हायचं. "शहाणपणा नडला बघ," मी टोमणा मारला. धास्ती मलाही होती. गिऱ्हाईक गेलं असतं तर बागेतल्या आमच्या बाराही जोड्या घरी बसल्या असत्या, आणि गावाने बोल त्यालाच लावला असता.

पाचव्या दिवशी बाई धापा टाकत बागेत आल्या. "घेतायत! आहे तेवढी घेतायत. बाकीची दोन वर्षांनी."

हुश्श! दुपारी झेफेरिनोने दोन वाडगे सूप चाटूनपुसून संपवलं, वर माझा पावही पळवला.

"त्या दिवशी अगदी वाघ झाला होतास की रे," मी म्हणालो.

"कसला वाघ," तो हळूच म्हणाला. "बाई आणखी एकदा म्हणाल्या असत्या ना, तर घातला असता मी घाव."