माहितीपत्रकातलं गाव

इंग्लंडमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक जुनं गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लगेच कुणाचा तरी फोन येईल, काकू, तिथे दोन दिवस पुरतील का? गेली चाळीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देत आले आहे. आधी ओहायोत, आणि मुलीजवळ राहायला आल्यापासून इथे मॉरिसव्हिलमध्ये. रोमन लोकांनी बांधलेलं स्नानकुंड सकाळी लवकर बघा, गर्दी नसते. पंप रूममध्ये चहा घ्या, तिथे वादक बसतात. पोशाखांचं म्युझियम चुकवू नका. टेकडीवरच्या अर्धचंद्राकार घरांसमोर फोटो काढा. मी इतक्या ठामपणे सांगते की समोरचा फोन काढून सगळं टिपून घेतो.

त्यातलं त्या घरांचं तेवढं खरं आहे. ती रस्त्यावरून दिसतात. बाकी एकाही ठिकाणी मी पाऊल टाकलेलं नाही.

लग्न झालं आणि चार महिन्यांत आम्ही त्या गावी गेलो. नवरा तिथल्या इस्पितळात ज्युनियर डॉक्टर होता. अमेरिकेला येण्याआधीची आमची दोन वर्षं तिथे गेली. बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आमची एक खोली होती. नवरा सकाळी सातला जायचा आणि कधी त्याच रात्री, कधी दुसऱ्या रात्री परतायचा. मी बावीस वर्षांची, साताऱ्याची, बी.ए. झालेली. इंग्रजी पेपरात लिहिण्यापुरतं येत होतं.

पहिल्याच महिन्यात मी पंप रूमच्या दारापर्यंत गेले होते. झऱ्याचं पाणी औषध म्हणून प्यायला देतात असा तो मोठा थोरला दिवाणखाना, झुंबरं वगैरे असलेला. दारात लांब कोट घातलेला माणूस उभा होता. त्यानं अगदी अदबीनं मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यानं परत, आणखी हळू विचारलं. तेही कळलं नाही. मागे दोन बायका थांबल्या होत्या. काचेचं भांडं फोडल्यासारखं मी ‘सॉरी’ म्हटलं आणि मागे फिरले. त्यानंतर ती पायरी मी कधी चढले नाही. आज मी विमान कंपनीच्या माणसाला फोनवर असं धारेवर धरते की तो आपणहून मला साहेबाकडे जोडून देतो. त्या वेळी मात्र एका सभ्य प्रश्नानं माझी दांडी गुल केली.

पण घरी पत्रं तर लिहायला हवी होती. माझं पत्र आलं की वडील शेजारपाजारच्यांना बोलावून मोठ्यानं वाचायचे. त्यांना काय लिहिणार? चार वाजता अंधार पडतो, दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, असं? आई तर जेवणच सोडून बसली असती. चर्चजवळ पर्यटकांसाठी एक ऑफिस होतं आणि त्याच्या दाराशी माहितीपत्रकांचं कपाट. एक उचललं तर कुणी काही विचारत नसे. मी दर मंगळवारी एक उचलायचे, खोलीवर येऊन डिक्शनरी घेऊन बसायचे, आणि त्यातला मजकूर माझ्या तोंडी घालून एरोग्रामवर, म्हणजे विमानानं जाणाऱ्या घडीच्या पत्रावर, उतरवायचे. ‘आज मी रोमन स्नानकुंड पाहिलं. पाणी हिरवंगार आहे आणि त्यावर सतत वाफ असते.’ पहिलं पत्र आईसाठी लिहिलं. पुढची, खरं सांगायचं तर, मला लिहायला आवडायला लागली म्हणून लिहिली. पत्रातली मी फार धीट होती.

नवऱ्यालाही मी तेच सांगायचे. तो पिठलं-भात खायचा, मी नाटकगृहाचं वर्णन करायचे, आणि तो ऐकता ऐकता खुर्चीतच झोपायचा. झोपण्याआधी एकदा म्हणाला, “बरं झालं, तू तरी बघतेस.” ते वाक्य मग त्यानं सोडलंच नाही. पुढे अमेरिकेत पार्ट्यांमध्ये, मराठी मंडळात, मुलीच्या लग्नातसुद्धा, “मी वॉर्डात सडलो, पण हिनं सगळं बघितलं. दोघांतल्या एकानं तरी इंग्लंड पाहिलं!” हे म्हणताना त्याचा चेहरा असा समाधानी दिसायचा की मी हातातली ताटली पुढे सरकवायचे आणि विषय बदलायचे.

एकदाच पकडली जाता जाता वाचले. तिथल्या पाण्याची चव माहितीपत्रकात दिलेली नव्हती, त्यामुळे ती मी पदरची घातली होती. थंडगार आणि गोडसर, आपल्या विहिरीच्या पाण्यासारखी. गेल्या वर्षी इथलं एक तरुण जोडपं माझ्या सल्ल्यानं तिकडे जाऊन आलं आणि थेट घरी आलं. त्यातली मुलगी म्हणाली, “काकू, पाणी कोमट होतं यार! आणि गंजलेल्या खिळ्यासारखं लागतं. ह्यानं तर एक सिप घेऊन ग्लास ठेवून दिला.”

“आता पाइप बदलले असतील,” मी म्हटलं, आणि त्यांना चिवडा दिला.

या वर्षी नवऱ्याला ऐंशी पूर्ण होणार. सहस्रचंद्रदर्शनाची शांत करू, असं मी म्हणत होते. त्यानं साफ नकार दिला. मग मुलगी म्हणाली, आपण तिघं तुमच्या त्या गावी जाऊ. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, प्राण्यांची डॉक्टर आहे. मराठी कळतं, वाचता येत नाही. नेमकं त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीनं साताऱ्याचं घर आवरलं आणि वडिलांनी जपून ठेवलेली माझी पत्रं एका कापडी पिशवीतून कुणाबरोबर तरी पाठवून दिली. निळे एरोग्राम, प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं वडिलांच्या अक्षरात ‘पोचले’. ती पिशवी बघून मुलगी नाचायचीच बाकी होती. माझ्या पत्रांप्रमाणे ट्रिप आखायची, असं तिनं ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं किचनच्या टेबलाशी बसलो. मी वाचणार, मुलगी लॅपटॉपवर दिवसवार उतरवून घेणार. वाचणारी मीच, त्यामुळे जे हवं ते गाळता आलं असतं. पण मी गाळलं नाही. वडिलांनी जपलेला तो कागद हातात धरून मला शब्द बदलवेना. शिवाय, लाज वाटते सांगायला, पण पत्रं छान लिहिली होती.

“डे वन, रोमन बाथ्स. डे टू, कॉस्च्यूम म्युझियम,” मुलगी टाइप करत होती. “आई, रीड द नेक्स्ट वन.”

पुढचं पत्र पंप रूमचं होतं. खांबांच्या आडून वाजणारं व्हायोलिन, चांदीची किटली, बेदाणे घातलेला गोड पाव. नवरा डोळे मिटून ऐकत होता. कानातलं मशीन त्यानं आज मुद्दाम नवीन बॅटरी घालून लावलं होतं. पत्र संपल्यावर त्यानं डोळे उघडले.

“अगं, तू कुठल्या टेबलावर बसायचीस, ते मला दाखव हं. तिथे तुझ्याबरोबर एक कप चहा घेतला की माझं इंग्लंड झालं.”

“खिडकीजवळच्या,” मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

“विंडो टेबल,” मुलीनं टाइप केलं. “मी कॉल करून रिझर्व्ह करते. इट्स हिज बर्थडे, ते देतील.”

पन्नास वर्षांपूर्वी मी कागदाशी आणि पेंगणाऱ्या नवऱ्याशी खोटं बोलले होते. तो कागद समुद्रापलीकडे गेला आणि जुना झाला. पण हे खोटं मी आत्ता, या माणसाच्या तोंडावर बोलले होते, आणि तो त्या टेबलाशी जाऊन बसणार होता. मी एरोग्रामची घडी घातली.

“रिझर्व्ह नको करूस. मी आत गेलेच नव्हते.”

“व्हॉट डू यू मीन, आत गेले नव्हते?”

मग मी सगळं सांगितलं. दारातला माणूस, कपाटातली माहितीपत्रकं, डिक्शनरी. मुलीला आधी हसू आलं, मग बाबांकडे बघून तिनं ते आवरलं. नवऱ्यानं काही विचारलं नाही. त्यानं कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि मागच्या अंगणात जाऊन टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत उभा राहिला. रोपांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

“आई, बाबांसाठी दॅट वॉज द होल पॉइंट,” मुलगी हळू म्हणाली. “ही फेल्ट सो बॅड अबाउट दोज इयर्स. तू मजा केलीस, हेच एक होतं.”

“ठाऊक आहे मला,” मी म्हणाले. ठाऊक होतं म्हणूनच तर इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. वाढू का, हो. मीठ द्या, घे. मला वाईट वाटत होतं, आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता त्या वाईट वाटण्यात रागही मिसळला. खोटं मी बोलले, कबूल. या माणसाच्या मनाला जो एक टेकू होता तो मी काढून घेतला, तेही कबूल. पण त्या दोन वर्षांत, आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत, त्यानं मला कधी एक साधा प्रश्न विचारला होता का? मी सांगितलं ते त्यानं ऐकलं, आणि त्याला बरं वाटलं. मी एकटी होते. इतकी एकटी होते की बूटवाल्या म्हाताऱ्यानं जिन्यात ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की मी सगळा दिवस त्यावर काढायचे. हे मी पत्रात लिहिलं नाही, हे खरं. पण हे ऐकायला तरी कोण बसलं होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. नवरा येऊन टेबलाशी बसला. डबी उघडून त्यानं मशीन कानात घातलं आणि त्यातून येणारी शिट्टी थांबेपर्यंत नीट बसवलं. मी कप ठेवला तरी त्यानं तो उचलला नाही.

“मग तू दिवसभर करायचीस काय?”

मला वाटलं, टोमणा आहे. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. पेशंटला कुठे दुखतं ते विचारताना तो जसा थांबून बघायचा, तसाच बघत होता. मी गॅस बंद केला आणि समोरची खुर्ची ओढली.

“सोमवारी कपडे धुवायला जायचे,” मी म्हणाले. “कोपऱ्यावर मशीनचं दुकान होतं. तिथे ऊब असायची म्हणून कपडे वाळले तरी बसून राहायचे. मग रोमन कुंडाच्या मागच्या गल्लीत जायचे. तिथे रस्त्यात एक लोखंडी जाळी होती, तिच्यातून वाफ यायची. साडी भिजलेली असली की त्या जाळीशेजारी उभी राहायचे. पंप रूममधलं व्हायोलिन तिथे भिंतीतून ऐकू यायचं. ते मी खरंच ऐकलंय हो. तेवढं खोटं नाही.”

“पायात काय असायचं?”

“चपला. तुमचे लोकरीचे मोजे घालून.”

त्यानं मान खाली घातली. चहावर साय धरली होती. मी म्हणाले, गरम करून आणते, पण त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि मला उठू दिलं नाही.

“मंगळवारी ती माहितीपत्रकं,” तो म्हणाला. “ते कळलं. आणि बुधवारी?”