बोटाने वाचलेली ओळ

त्या सकाळी बाबांनी पेपर उलगडला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "पेपरवाला भैया आज दुसराच पेपर टाकून गेला. तेलुगू दिसून राहिला."

पेपर रोजचाच होता, हिंदी. मी हसले. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. नागपूरहून बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच, दुर्गापुऱ्यात राहिले. त्यांचे विनोद असेच असतात, चेहरा अजिबात न हलवता केलेले. मग उजव्या बाजूचा चहाचा कप त्यांचा हात लागून सांडला, आणि तो सांडला हे त्यांना दिसलंच नाही. तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्यात कळलं की मेंदूच्या मागच्या भागात, डावीकडे, एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. काही दिवसांत ते घरी आले. बोलत होते, चालत होते, सगळ्यांचे चेहरे ओळखत होते. आकडेसुद्धा बरोबर सांगत होते. वाचता मात्र येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं." ते आमच्या घरचे नव्हते, म्हणून म्हणू शकले.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात खेळण्यांची पेटी नव्हती, पत्रकांची ट्रंक होती. सभांची, मोर्च्यांची, शिक्षणाच्या हक्काची, पिवळ्या नि गुलाबी कागदावरची पत्रकं. त्यातली बरीचशी बाबांनीच लिहिलेली. मी ओळखलेला पहिला शब्द 'अन्याय'. तेव्हा मला अक्षरं लावता येत नव्हती. आत्याचा चेहरा ओळखावा तसा मी तो शब्द ओळखायचे. सगळ्या कागदांवर तोच ठळक असायचा. मराठी मी शाळेत शिकले नाही. हिंदीच्या पुस्तकांनी अक्षरं दिली आणि त्या ट्रंकेने भाषा.

दर रविवारी रेल्वे कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये आमची मराठी बौद्ध कुटुंबं वंदनेला जमतात. वंदना झाली की एक पत्रक मोठ्याने वाचायचं, हा आमचा नेम. वाचणारे कायम बाबा. त्यांचा एक नियम होता. मजकूर कितीही पाठ असला तरी तो कागद हातात घेऊन, ओळीखाली बोट ठेवूनच वाचायचा. "तुझ्या आजोबांना ऐकून ऐकून खूप पाठ होतं," ते मला सांगत. "कागद हातात येऊ देत नव्हते. म्हणून आपण म्हणायचं नाही, वाचायचं."

आता त्या रविवारचं काय, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आईला वाटलं, नंबर बदलला असेल. नवा चष्मा झाला. मी एक पत्रक दुप्पट मोठ्या अक्षरांत छापून आणलं. बाबांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे मोठं तेलुगू आहे."

कॉलनीतले काका, बाबांचे जुने दोस्त, रिटायर्ड गार्ड, भेटायला आले. त्यांनी सरळ तोडगा काढला. "तुला तर सगळं तोंडपाठ आहे. कागद धर, बोट फिरव अन् म्हण. कोणाले कळते?"

"मले कळते."

"इतकी वर्षं रेल्वेत काढली अन् थोडं खोटं बोलणं शिकला नाहीस."

"तू शिकलास ना. लेट गाडी टायमावर आहे म्हणायचास. एका दोस्तीत एक खोटारडा पुरे."

दोघंही हसले. काका गेल्यावर बाबा खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.

मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. गुठळीविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. वाचता येणं हीच माणूस असण्याची खूण, असं आमच्या कितीतरी पत्रकांत लिहिलेलं आहे आणि मी ते मनापासून मानत आले. मग आता माझे बाबा कोण?

डॉक्टरांनी सुचवलेल्या, वाचा-उपचार म्हणजे स्पीच थेरपी करणाऱ्या बाईंचं केंद्र गोपालपुरा बायपासच्या पलीकडे होतं. मी बाबांना स्कूटीवर मागे बसवून न्यायचे. दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासचे बोर्ड, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. बाबा म्हणाले, "एवढी पोरं हसून राहिली. काय म्हणतात, काही समजत नाही."

बाई तरुण होत्या, जयपूरच्याच. त्यांनी बाबांना कागद-पेन दिलं. "अंकलजी, कुछ भी लिखिए. मराठी में भी चलेगा."

बाबांनी न अडखळता लिहिलं: 'माझी मुलगी फार रागीट आहे.' त्यांचं तेच जुनं वळणदार अक्षर, प्रत्येक शब्दाची आधी सगळी अक्षरं आणि शेवटी वरून एक सलग रेघ. बाईंनी कागद बाजूला ठेवला, बाबांशी नागपूरच्या संत्र्यांबद्दल गप्पा मारल्या आणि थोड्या वेळाने तोच कागद त्यांच्यापुढे धरला.

"अक्षर चांगलं आहे," बाबा म्हणाले. "कोणाचं आहे?"

मी हसले आणि मग मला हसता येईना.

बाबा बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा बाईंनी मला समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. बोलण्याची तयारी घेऊन मूल जन्माला येतं. वाचण्याची नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला चेहरे, वस्तू, आकार ओळखणारे भाग असतात. आपण शिकतो, पुन्हापुन्हा अक्षरं पाहतो, तेव्हा त्याच भागातली थोडी जागा शब्दांची होते. मग शब्द दिसताक्षणी कळतो, ओळखीच्या माणसासारखा. बाबांचे डोळे अक्षर पाहत होते, पण त्या जागेपर्यंतची वाट तुटली होती. हाताची वाट मात्र शाबूत होती.

"पुन्हा सांगा," मी म्हणाले. "वाचायची जागा जन्मतः कोणाच्याच डोक्यात नसते?"

"किसी के भी नहीं. सबको बनानी पड़ती है."

इतकी वर्षं ट्रंकेतली सगळी पत्रकं ज्याच्यासाठी भांडत होती, ते ही बाई टेबलावर कोपर टेकून, सहज सांगत होती. अक्षर अमक्याच्याच घरात जन्म घेतं म्हणणाऱ्यांच्या डोक्यातही ती जागा कोरीच होती.

बाबा परत येऊन बसल्यावर बाईंनी त्यांचं बोट त्यांच्याच लिहिलेल्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. "आँख से नहीं, उँगली से. जैसे लिख रहे हों."

बाबांनी गिरवलं. पुढचं गिरवलं. काहीच झालं नाही. मग सवयीने त्यांनी वरची रेघ ओढली, आणि रेघ पूर्ण होताच म्हणाले, "माझी."

आईच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या ताटाशेजारी, मांडीवर, बाबा दिवसभर बोट फिरवत राहिले. छोटे शब्द येत, लांब शब्द निम्म्यात निसटत. चिडत. पुन्हा सुरू करत. मी विचारलं, "रविवारी कोणतं पत्रक काढू?"

"मला पाठ असलेलं देऊ नको. नवीन दे. नाहीतर तो गार्ड म्हणेल, पाठ केलेलं म्हणून दाखवलं."

म्हणून मी नवीन लिहिलं. बाईंनी सांगितलेलं सगळं लिहिलं, आणि वाचता न येणारा माणूस कमी माणूस नसतो, त्याच्यापर्यंतची वाट कोणीतरी बांधायची राहिलेली असते, हेही. पहिली ओळ बाबांना दाखवली नाही.

रविवारी वंदना झाली. बाबांनी कागद मांडीवर घेतला. बोट फिरू लागलं. एक शब्द, रेघ. दुसरा शब्द, रेघ. कुणाचं तरी लहान मूल कंटाळून आईच्या कुशीत शिरलं. 'जन्मतः'पाशी बाबा अडकले. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. काकांनी माझा हात दाबला. "त्याला वाचू दे."

बाबांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून धरलं. शेवटी मान वर करून त्यांनी अख्खी ओळ एका दमात म्हटली. "वाचायची जागा जन्मतः कोणाच्याच डोक्यात नसते, ती सगळ्यांना बनवावी लागते." मग कागदाकडे पुन्हा बघून म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

काका म्हणाले, "गाडी लेट आली, पण आली."

उरलेलं पत्रक बाबांनी माझ्या हातात दिलं. मी वाचलं, ओळीखाली बोट ठेवून.

स्कूटीवरून परतताना गोपालपुऱ्याच्या सिग्नलला थांबलो. माझ्या पाठीवर काहीतरी हललं. बाबांचं बोट. समोरच्या कोचिंग क्लासच्या बोर्डाकडे बघत ते माझ्या पाठीवर गिरवत होते. मी हँडल धरून स्थिर बसले. प, मग त्याला पायाशी जोडलेला र, मग वे, श. खांद्यापासून खांद्यापर्यंत रेघ. मला शब्द कळला होता, पण मी बोलले नाही.

"प्रवेश," मागून बाबा म्हणाले. त्यांचं बोट पुढच्या शब्दावर गेलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले.

"प्रवेश चालू आहे," ते म्हणाले. "म्हणून हसून राहिली होय पोरं."