योगिताने वाचलेलं पत्र

ही गोष्ट आजवर मी कुणाच्या कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्याही नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळे म्हणत होते, बाईंच्या वर्गातली मुलं घडाघडा वाचायची. मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना वाटलं — विनय.

नव्वदीची सुरुवात होती. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मराठी शाळेत मी तिसरीला शिकवत होते. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या गिरणीकामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, आणि पुस्तकातली मराठी परक्यासारखी. वाचायला उभं केलं की अक्षर-अक्षर जोडत बसायची. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची.

म्हणून मी वर्गात नवं काही सुरू केलं. मागोमाग वाचन — मी एक ओळ वाचायची, मुलांनी ओळीखाली बोट धरून तशीच म्हणायची. जोडीवाचन — एका पुस्तकावर दोघं, एक वाचणारा, एक अडखळणारा. एकच उतारा आठवडाभर रोज. काय फरक पडला सांगू! मुलं आवाज चढवून, थांबे घेऊन वाचायला लागली. या उपक्रमांत खोट नव्हती, हे आधीच सांगते. फक्त आठवडा संपला की उतारा बदलायचा असतो. मुलाला एकटं, नव्या पानासमोर बसवायचं असतं.

मी बदलला नाही. निरीक्षक साहेब येणार होते ना! तोच धडा महिनाभर चालवला. एकच ताकीद — अडखळायचं नाही, अडलं तरी पुढे जायचं.

सगळ्यात छान वाचायची योगिता. नऊ वर्षांची, सावळी, घोटीव आवाजाची. एक दिवस मी तिच्यामागे उभी होते. तोंडाने ती पान संपवत होती आणि बोट — बोट अजून मधल्याच ओळीवर होतं. तिला एक ओळही वाचता येत नव्हती. सगळं पाठ होतं.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं. साहेबांसमोर तीच वाचणार होती.

तिने वाचलं. साहेब खूश झाले. इतर शाळांच्या शिक्षकांना हा पाठ दाखवा, म्हणाले. पालकसभेत मी योगिताच्या आईला, सुमनबाईंना, सगळ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "तुमची पोरगी कसलंही मराठी वाचू शकते." त्या घरी साड्यांचे धागे कापायच्या. त्यांना नि नवऱ्याला, दोघांनाही अक्षरओळख नव्हती. पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसू मी घेतलं. का नाही घ्यायचं, असंच तेव्हा वाटलं होतं.

दीडेक महिन्याने मधल्या सुट्टीत सुमनबाई शाळेत आल्या. हातात आंतरदेशीय पत्र, डोळे सुजलेले. मागे योगिता. आचार्य — तिकडे मुख्याध्यापकांना आचार्यच म्हणतात — व्हरांड्यातच उभे होते.

पत्र अमळनेरकडून, त्यांच्या भावाचं. आलं तेव्हा शेजारी वाचून देत होता, पण त्यांनी त्याला दिलं नाही — घरात वाचणारी पोर असताना दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघायचं? योगिताने एका दमात वाचून दाखवलं : आम्ही सर्व खुशाल आहोत, तुम्ही काळजी करू नये. आणि आदल्या दिवशी गावचा माणूस येऊन सांगून गेला होता — म्हातारी तुझं नाव घेत गेली, पत्र टाकूनही तू आली नाहीस.

मी पत्र वाचलं. चारच ओळी. माय अंथरुणाला खिळली आहे, तुला बोलावते, असशील तशी निघून ये.

"बाई, तुमीच सांगं व्हतं ना, पोर वाचस म्हनीसन?" सुमनबाई म्हणाल्या. "मंग हाई काय व्हयनं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आचार्य बघत होते. चार दिवसांवर इतर शिक्षकांसमोरचा पाठ होता. मी म्हणाले, "वाचता येतं हो तिला. खेळायची घाई असेल — दिलं असेल मनानेच काहीतरी ठोकून."

सुमनबाईंनी तिथेच तिला मारलं. पाठीत, डोक्यात, मिळेल तिथे. योगिता रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "पण बाई, मी वाचलं होतं. तुम्ही शिकवलं तसंच वाचलं."

ती खोटं बोलत नव्हती. कागद समोर धरायचा आणि न थांबता बोलायचं, यालाच वाचणं म्हणतात असं तिला मीच शिकवलं होतं. पत्रं खुशालीनेच सुरू होतात, एवढं तिला ठाऊक होतं.

चार दिवसांनी माझा पाठ झाला. छान झाला. दुसऱ्या मुलीने वाचलं.

त्या संध्याकाळी मी योगिताला थांबवून घेतलं आणि एक नवं पान पुढे ठेवलं. किती वेळ ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला येत नाही ना, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं असेल — दुःख? राग? नाही. सुटका. "मग मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "आईला सांगाल? ती माझ्याशी बोलत नाही."

"सांगते. उद्याच येते घरी."

त्यांची खोली शाळेच्या भिंतीपलीकडे, दुसऱ्या गल्लीत होती. दोन मिनिटांची वाट. योगिता आठवडाभर रोज माझ्याकडे बघायची. मग बघेनाशी झाली. दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. आईबरोबर धागे कापायला बसली, असं मुलांनी सांगितलं. मी त्या शाळेत आणखी नऊ वर्षं होते.

मी गेले नाही.