आभाळआप्पांचा सांगावा

बोरगावचे आभाळआप्पा माणसाच्या ताटावरून त्याच्या गावचा पाऊस सांगत. कुणी परगावचा पाहुणा आला की नाव विचारायच्या आधी विचारत, "काल घरात काय जेवलासा?" पाहुण्यानं सांगितलं की क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "म्हंजे तुमच्यात पाऊस आषाढात बसतोय आनि गणपती गेले की उठतोय." बहुतेक वेळा ते खरं निघे. पाहुणा चकित होई, आणि आप्पा त्याला ताकातल्या कण्या वाढायला सांगत. "आता आमचा पाऊस चाखा," म्हणत.

त्यांचा सिद्धान्त साधा होता. "खानापूरकडं पाऊस घागरीनं ओततोय, म्हणून तिथं भात. आमच्यात घोटघोट देतोय, म्हणून शाळू. चव माणूस करत न्हाय, मास्तर, आभाळ करतंय. बायका नुसतं मीठ घालत्यात." हे शेवटचं वाक्य ते घरात ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलत.

मी बेळगावचा. बोरगावच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि आप्पा पन्नाशी ओलांडलेले. जैन घर, त्यामुळे दिवस बुडायच्या आत जेवण हा नेम. आप्पा खळ्यावर, पश्चिमेकडे तोंड करून जेवत. चाळीस वर्षं रोज त्याच वेळी तेच आभाळ समोर ठेवून जेवलेला माणूस. त्याला ते ओळखीचं झालं नसतं तरच नवल. मी एकदा म्हणालो, "आप्पा, तुम्ही आभाळ वाचता." ते हसले. "वाचायचं काय त्यात? शेजाऱ्याचं तोंड बघून कळतंय न्हवं, घरात भांडान झालंय का? तसंच."

त्या वेळी खळ्यावर आम्ही तिघे असू: आप्पा, मी आणि तातोबा. तातोबा त्यांच्या बांधाला बांध असलेला शेतकरी, जिभेनं तिखट. दोघांच्याही रानात तंबाखू. आप्पा ती पिकवत, पण कधी तोंडात धरली नाही. तातोबा चिमूट मळत म्हणे, "आप्पा, सगळ्या मुलखाला नादाला लावून तुमी तेवढं सोवळं!" आप्पा म्हणत, "तू खातोस म्हणून तर मी पिकवतोय. तू सोड, मी मिरची लावतो." मग गप्पा प्रवासावर जात, प्रवासावरून खाण्यावर. मी बेळगावच्या मांड्यांचं वर्णन करी: पालथ्या मडक्यावर भाजलेला, रुमालासारखा घडी घातलेला, तोंडात विरघळणारा. तातोबा म्हणे, "म्हंजे गोड कागद!" आप्पा मात्र गंभीरपणे म्हणत, "थंड हवा, मोठी भूक आनि काम कचेरीत बसून. मांडे सुचणारच की."

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं टाळलं.

तंबाखू कापली की आठ-दहा दिवस रानातच पसरून वाळवतात. तेवढ्यात पाऊस आला तर पानाचा कस धुऊन जातो आणि हाती काळा पाचोळा उरतो. म्हणून आप्पांच्या शब्दाशिवाय बोरगावात कोयता पडत नसे. त्या माघात आप्पांना मांडवासाठी बांबू हवे होते. बांबू खानापूरकडच्या गुंजीच्या रानातले चांगले. मला म्हणाले, "चला मास्तर, शाळेला सुट्टी हाय. पावसाचं म्हायेर बघून येऊ." तातोबाचं पीक कापणीला आलं होतं. निघताना आप्पांनी त्याला सांगितलं, "शुक्रवारपातूर थांब. आभाळात काय वंगाळ दिसलं तर सांगावा धाडतो. सांगावा आला न्हाय, तर आभाळ साफ समज आनि घाल कोयता."

गुंजीत आम्ही एका शेतकऱ्याकडे उतरलो. तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार. बुधवारी दिवस बुडताना आप्पा अंगणात जेवत होते. घास हातात तसाच राहिला. काही गंभीर असलं की ते आभाळाशी कानडीत बोलत. "मळी बरतद," पुटपुटले. पाऊस येतोय. मला काहीच दिसत नव्हतं. वारा फिरला होता, एवढंच त्यांनी मला दाखवलं. म्हणाले, "रेल्वेत बांबूचा डबा भरल्याबिगर मला हालता येत न्हाय. तुमी सकाळच्या गाडीनं जावा. बेळगावास्नं दुपारची मोटार धरा. तातोबाला सांगा, कोयता घालू नको."

गुरुवारी सकाळी मी बेळगावात उतरलो. मोटारीला दोन तास होते. ओळखीच्या एका घरी लग्न होतं, तिथं डोकावलो. परसात मांडे चालले होते. "बसा मास्तर, पुढचा तुमचा," आचारीण म्हणाली. पुढचा झाला, त्याच्या पुढचाही झाला. मग आप्पांसाठी म्हणून दोन बांधून घ्यायला थांबलो. आप्पांसाठीच थांबलो होतो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं म्हणजे मला खायचे होते आणि उठवत नव्हतं. अड्ड्यावर पोचलो तेव्हा मोटार गेलेली होती; पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी.

शुक्रवारी दुपारी बोरगावात पोचलो. तातोबानं पहाटेच कोयता घातला होता. अर्धं रान आडवं झालं होतं. वर आभाळ स्वच्छ निळं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक मांड्यांची नव्हे, ती इथली. अजून चार तास हातात होते. दहा माणसं लावली असती तर निम्मं तरी उचलून घरात नेता आलं असतं. पण मग उशीर का झाला ते सांगावं लागलं असतं. तातोबा बांधावर भाकरीची शिदोरी सोडून बसला होता. "या मास्तर! आप्पा काय बोलले का?"

मी आभाळाकडे पाहिलं. म्हटलं, न आला पाऊस तर?

"न्हाय," मी म्हणालो, आणि त्याच्या भाकरीतली चतकोर घेऊन जेवलो.

संध्याकाळी पाऊस आला.

आप्पा दोन दिवसांनी परतले. तातोबा खळ्यावर उभाच होता. "पावसाचं म्हायेर बघायला गेलासा आनि आमचं सासर बुडवलंसा. सांगावा धाडतो म्हनला हुतासा न्हवं?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या पिशवीतून मांड्यांची पुडी डोकावत होती. कुणी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "चुकलं माझं, तातोबा. डोंगराआड मला दिसलं न्हाय."

आणलेल्या बांबूंतले निम्मे त्यांनी तातोबाच्या बांधावर उतरवले आणि स्वतः उभं राहून मांडव घातला, कापलेलं पीक झटकन आत ओढता येईल असा. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावात तसे पुष्कळ मांडव झाले. पण आप्पांना आभाळ विचारायला कुणी येईना. कुणी चुकून विचारलंच तर म्हणत, "आभाळ सगळ्यांचंच हाय, बघा की." तातोबा खळ्यावर यायचा बंद झाला.

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात बोलावणं आलं. ताट वाढलेलं होतं. "पश्चिमेकडं तोंड करा. काय दिसतंय सांगा." रोज तेच. मी चुकलो की पुन्हा बघायला लावत. त्या दुपारबद्दल त्यांनी मला कधीच एका शब्दानं विचारलं नाही. फक्त वर्षभरानं, मला पहिल्यांदा अवकाळी पाऊस ओळखता आला तेव्हा, ते म्हणाले, "बघणं सोपं हाय, मास्तर. सांगायला चालत जावं लागतंय. जावा आता." मी त्या दिवशी प्रत्येक रानात गेलो, तातोबाच्याही. त्यानं तोंड फिरवून ऐकलं, पण तंबाखू मांडवात ओढली. पुढे गाव मला विचारू लागलं. आप्पांचा मान माझ्या अंगावर आला, आणि मी तो घालून फिरलो.

स्वातंत्र्य आलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आप्पा गेले. दोन दिवस आधी मी मांडे नेले होते. एक तुकडा जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "तातोबा म्हणतोय ते खरं हाय. गोड कागद." मी त्याच क्षणी सगळं बोलायला हवं होतं. पण तोंड उघडलं आणि विचारलं, "आणखी देऊ?"

त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी बोरगावला गेलो. तातोबा नव्वदीला टेकलाय, डोळे गेलेत, जीभ आहे. त्याच्या घराच्या सोप्यात बसून मी सगळं सांगितलं: मांडे, मोटार, ती चतकोर भाकरी. त्यानं चाचपून काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "माझी भाकरी खाऊन खोटं बोललास?"

"व्हय."

"तुला मास्तर कुनी केलं रं?" त्यानं काठी आपटली. मी मान खाली घालून बसलो. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "थांब. म्हंजे आप्पाला दिसलं हुतं?"

"दिसलं होतं."

"गुंजीतनं? दोन दिस आधी?"

"हो. घास हातात होता."

"आप्पा चुकला नव्हता म्हण की!" तातोबा ताडकन उठला आणि भिंत धरत धरत दारात गेला. "आरं, ऐकलासा का रं? आमचा आप्पा चुकला नव्हता!" गल्लीतली पोरं थांबून बघू लागली. त्यांतल्या एकालाही आप्पा कोण ते ठाऊक नव्हतं. तातोबानं तिथंच उभं राहून त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं, ताटावरून पाऊस कसा ओळखत तिथपासून. माझ्या वाट्याचं काही त्यानं गाळलं नाही.

मी निघायला उठलो तर म्हणाला, "जातोस कुटं? दिवस बुडायच्या आत जेवून जा." सुनेनं दारातच दोन ताटं मांडली. कण्या होत्या, ताकातल्या. तातोबानं माझा खांदा धरून मला पश्चिमेकडे वळवलं.

"मला दिसत न्हाय," तो म्हणाला. "काय हाय ते सांग, मास्तर. खरं सांग."

मी नीट पाहिलं, आणि त्याला सांगितलं.