तीनदा आत घेतलेली पँट

शिंपी मास्तरांनी टेप लावली की समोरच्याची कंबरच काय, त्याचं खाणंपिणंही कळतं, असं गल्लीत म्हणायचे. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेली, आणि जीभ कात्रीलाही लाजवेल अशी. पँट घट्ट झाल्याची तक्रार आली, की म्हणायचे, "कापड तेवढंच आहे साहेब, वाढलात तुम्ही."

लेक पार्सलच्या गोदामात दोन-दोन पाळ्या करायची. पाच महिन्यांत तिच्या गणवेशाची पँट मास्तरांनी तीनदा आत घेतली, तीही कौतुकानं. आई म्हणायची, पोरगी जेवत नाही, झोपत नाही, घासलेली भांडी पुन्हा घासते. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: कष्टाचं अंग आहे ते, तुझ्यासारखं बसून फुगलेलं नव्हे.

मग एक दिवस पाव चावताना तिच्या दाढेचा तुकडाच पडला. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि एका डॉक्टरबाईंच्या नावे चिठ्ठी दिली. बाईंनी लेकीची लघवी तपासली आणि मास्तरांना आधी खुर्चीत बसवलं.

मेथ. काचेच्या नळीतून ओढायचे, भूक-झोप मारणारे नशेचे खडे. पाळी रेटायला गोदामातल्याच कुणीतरी दिले होते.

व्यसन म्हणजे गटारात लोळणारा माणूस, एवढंच मास्तरांना ठाऊक. ही तर दारूच्या वासानंही तोंड फिरवते, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाईंनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? गिऱ्हाइकाचं माप विचारावं तसं वाटून मास्तरांचा हात आपोआप खिशातल्या वहीकडे गेला. कंबर तीस. अठ्ठावीस. साडेपंचवीस. प्रत्येक आकड्याला तारीख, स्वतःच्या अक्षरात. दुखणं हाताखालून तीनदा गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्यावर पक्की शिलाई मारली होती.

औषध द्या, ते म्हणाले. नशेची ओढ मारणारी अशी खात्रीची गोळी नाही, बाईंनी सांगितलं. दर आठवड्याला यायचं, बोलायचं, तपासणी करायची. चांगली निघाली की छोटंसं बक्षीस. सुरुवातीला ती नुसती झोपेल, खचेल, तेव्हा एकटी सोडू नका. घसरली तरी चालेल, येणं थांबता कामा नये.

"बक्षीस कसलं? पराक्रमाचं?"

"न ओढल्याचं. तोही पराक्रमच आहे, मास्तर."

पाच आठवडे नीट गेले. बक्षिसाच्या तिकिटांवर मायलेकी सिनेमाही पाहून आल्या. सहाव्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर लेक हळूच म्हणाली, "बाबा, आज तपासणी चांगली येणार नाही. परवा ओढलं मी. मी आत जात नाही, आणि घरीही येत नाही."

मास्तरांचा हात वर गेला. अख्खं बाक बघायला लागलं. तो हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तिची पिशवी उचलून मांडीवर घट्ट धरली. आतून नाव पुकारलं गेलं. ती उठेना. पुन्हा पुकारलं.

"आली हो, आली," मास्तर दाराकडे बघून ओरडले. "म्हातारा जड आहे, त्याला उठवतेय ती."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली, आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.