होडीवाली काठावर थांबली आहे

ताई कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. ती त्यावर मेणात दात बसवायची, मग गुलाबी हिरडी भरायची आणि घासूनपुसून चकचकीत करायची. हिरडीचा उरलेला मसाला टाकून देणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तिनं त्याचे फासे केले. धाकटी बहीण चपलांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. "एक लोकांची तोंडं बघते, एक पाय," असं म्हणून दोघी खिदळायच्या.

फासे आले तसा खेळ आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ताईनं गोष्ट पुढे न्यायची आणि घडेल की नाही ते फाशानं ठरवायचं. धाकटीचं पात्र होडीवालीचं. भाड्यावरून सगळ्यांशी कचाकचा भांडणारी, पण बुडणाऱ्याला पहिला हात देणारी. एक नियम तिनंच घातला होता: जो आला नाही त्याचं पात्र मरत नाही, ते काठावर थांबतं. दुकानातून यायला तिला उशीर व्हायचा ना, बयेनं आपली सोय आधीच करून ठेवली!

पुढे दोघींनी सगळे नियम खुल्या परवान्यानं नेटवर टाकले. कुणीही खेळा, छापा, बदला, विका; अट एकच, पहिल्या पानावर ‘मूळ खेळ थोरली-धाकटीचा’ असं लिहायचं. दिलेली परवानगी परत घेता येत नाही, हेही त्यात होतं. धाकटीनंच ते मोठ्यानं वाचलं होतं. "दिलं म्हणजे दिलं, ताई!"

दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात ते खोटं नाही. वर्ष सरतं न सरतं तोच खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस दारात. त्यांना खेळ हवा होता, खेळाचे नकाशे धाकटी काढायची, म्हणून तीही नोकरीला हवी होती. पण नियम फक्त कंपनीचे, बाकी सगळ्यांना बंद.

"ताई, परत घे गं. एवढं एकदाच."

"घेता येत नाही. तूच वाचलं होतंस ना?"

"ते माहितीये मला. पण त्या माणसाला नाही म्हणताना तू हसत होतीस."

हसत होतीच. खेळ आता कुणाला हिरावून घेता येणार नाही, याचा ताईला आनंद झाला होता. धाकटीचे सुजलेले पाय तेव्हा तिच्या ध्यानातच आले नाहीत. कंपनीचा माणूस गेला आणि पाठोपाठ धाकटीही दुसऱ्या गावी गेली. फोन लावला की वाजून वाजून बंद व्हायचा.

खेळ मात्र वाऱ्यासारखा पसरला. कुणी त्यातली गोष्ट समुद्रावर नेली, कुणी इस्पितळात. कुठलाही उघडला तरी पहिल्या पानावर थोरली-धाकटी. परक्यांच्या घरी दोघी एका ओळीत आणि इथे ताई एकटीसाठी चहा टाकायची. धाकटीची आठवण आली की हातातली कवळी तशीच राहायची.

रविवारी कोपऱ्यावरचा घड्याळवाला आणि शेजारच्या मास्तरीणबाई खेळायला येत.

"ताई, त्या होडीवालीला आता मोकळं करा की," घड्याळवाला कुरकुरायचा. "नदी आली की आमची वरात निघाली पुलावरून वळसा घालून! आणि बदलायचा परवाना आहे ना सगळ्यांना?"

"तुमच्या घरी बदला खुशाल. या टेबलावर ती थांबणार."

एका दुपारी मास्तरीणबाई मोबाइल नाचवत आल्या. "ताई, हा बघ नवा खेळ. चक्क अट मोडली आहे मेल्यांनी! थोरली-धाकटी लिहिलंच नाही."

ताईनं प्लास्टरनं भरलेले हात पुसले. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘मूळ खेळ ताईचा आणि माझा.’ बदललेला नियम एकच होता: ‘थांबलेलं पात्र ज्याचं, तो परत आला तर कुठे होतास असं विचारायचं नाही. फासा त्याच्या हातात द्यायचा.’

"तक्रार करायची का?" मास्तरीणबाईंनी विचारलं. ताईला हुंदकाच फुटला, तेव्हा त्या बिचाऱ्या गडबडून पाणी आणायला पळाल्या.

संध्याकाळी ताईनं फोन लावला. या वेळी धाकटीनं तो उचलला. ‘कुठे होतीस गं इतकी वर्षं?’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ताईनं ते गिळले.

"होडी आहे का गं अजून?" धाकटीनं विचारलं.

"आहे. काठालाच आहे."

"पाय दुखतात हल्ली फार." मग म्हणाली, "एवढ्यात यायला नाही जमायचं. पण थांबू दे तिला, ताई."

"थांबेल की. तिला काय घाई आहे?"

त्या रविवारी गोष्टीत पुन्हा नदी आली. घड्याळवाल्यानं तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाली, "चला, पुलावरून."